निरगुडीला सांगणं

“सर, त्या बाई अजून आहेत का हो?” स्नेहलने विचारलं, आणि हिरामणच्या कपातला चहा बशीत सांडला. तसं पाहिलं तर प्रश्नात काही नव्हतं. म्हसरूळच्या पुढे, शहर संपता संपता जे फार्मसी कॉलेज लागतं, त्याच्या दुसऱ्या मजल्यावर दुपारी साडेतीनला असे छप्पन्न प्रश्न विचारले जातात. टेबलावर तिने तीन लांब कागद पसरले होते. यंत्राने काढलेली रेघ त्यांच्यावरून गेली होती. निरगुडीच्या पाल्यातलं एकेक द्रव्य आपापल्या मिनिटाला बाहेर पडतं आणि रेघेवर आपला उंचवटा काढून जातं. पण अकराव्या मिनिटाला तिन्ही कागदांवर काहीच नव्हतं, सगळं सपाट. चौदा वर्षांपूर्वी हिरामणला त्याच मिनिटाला चांगला बोटभर उंचवटा दिसला होता. त्यातून जे द्रव्य निघालं, त्याने उंदराच्या पंजावरची सूज तीन तासांत निम्म्यावर आणली होती. त्याच्यावर त्याची पीएच.डी. झाली, नोकरी लागली, दाराबाहेर ‘डॉ. एच. पी. गावित’ अशी पाटी लागली. आणि आता तीन वर्षं झाली, स्नेहल बोरस्ते, विंचूरच्या कांदा-व्यापाऱ्याची मुलगी, तेच द्रव्य पुन्हा काढायला जिवाचं रान करत होती आणि ते काही केल्या हाताला लागत नव्हतं. “ही सातवी वेळ, सर. तुमच्याच गावचा पाला, त्याच झुडपांचा. तुम्ही लिहिलंय तसा पहाटे तोडला, सावलीत वाळवला. दोष माझ्याच हातात आहे. मार्चपर्यंत नाही जमलं तर सोडून देते, असं मी पप्पांना सांगून टाकलंय.” तिने डोळ्यांतलं पाणी लपवायला कागद सारखे केले. “एकच विचारायचं राहिलंय. प्रबंधात तुम्ही लिहिलंय की पाला एका स्थानिक स्त्रीने तोडला, वय अंदाजे पंचावन्न. त्या बाई असतील, तर त्यांना भेटून यावं म्हणते.”

“माहीत नाही गं,” हिरामण म्हणाला. “असतील, नसतील. खूप वर्षं झाली.” आणि त्याने बशीतला चहा पुन्हा कपात ओतला. ती बाई त्या वेळी नाशिक रोडला, जेल रोडवरच्या त्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत पाय पसरून बसलेली होती. ती त्याची आई होती.

संध्याकाळी तो सिटीलिंकच्या बसमध्ये बसला आणि निमाणीपर्यंत त्याने स्वतःला समजावून पाहिलं. बोललो खोटं, त्यात काय मोठंसं, जगात रोज किती खोटं बोललं जातं. पण मन ऐकेना. खोटं ठरवून बोलायचं तर आधी थोडा विचार करावा लागतो, आणि इथे तर विचाराला जागाच मिळाली नव्हती. जीभ आपसूक वळली होती, मुरलेल्या सवयीने. आणि सवय म्हटल्यावर ते सगळं वर आलंच. वडपाडा, तालुका पेठ, करंजाळीच्या पुढे डावीकडे कच्चा रस्ता. सबनीस सर, त्याचे गाइड, स्वतः जीप घेऊन आले होते, कारण विद्यार्थी पाला कुठून आणतो ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. भला माणूस. बरोबर पुण्याच्या एक मॅडम होत्या, आणखी दोघं होते. ओहोळाच्या काठाला आई पाला तोडत होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, ओटीत फांद्या, तोंडातून चकार शब्द नाही, कारण औषध तोडताना बोलायचं नसतं. बाप तेव्हा पिंपळगावकडे द्राक्षाच्या छाटणीला गेलेला. “ह्या कोण?” सरांनी विचारलं, आणि हिरामण म्हणाला, “इथल्याच आहेत, सर. औषधाची माहिती आहे त्यांना.” हे बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तिने ऐकलं. ऐकलंच असणार, चार हातांवर तर उभी होती. तोडणं संपल्यावर तिने सगळ्यांना घरी नेलं, गवती चहा घालून कोरा चहा केला, आणि त्याच्यापुढे कप धरून म्हणाली, “तुमी बी घ्या, साहेब.” तुमी! जन्म दिलेल्या पोराला! द्वारकेच्या चौकात बस सिग्नलला थांबली तेव्हा हिरामणच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या, आणि शेजारच्या माणसाने त्याला विचारलं, बरं वाटत नाही का.

लाज कशाची होती, हे त्याला तेव्हाही धड सांगता आलं नसतं. आई अडाणी होती याची नसावी. निम्म्या वर्गाच्या आया अडाणी होत्या. आदिवासी वसतिगृहातून तो कॉलेजात यायचा. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत एका परीक्षकाने हसत विचारलं होतं, “काय गावित, तुमच्याकडे भगत असतात ना? झाडाशी बोलतात म्हणे! मग झाड काय म्हणतं?” सगळे हसले. हिरामणही हसला. हसला, आणि हसता हसता त्याने मनाशी ठरवून टाकलं की ह्या लोकांना आपल्याकडून ते कधीच ऐकायला मिळायचं नाही. झाडाशी बोलणाऱ्या बाईचा तो मुलगा होता ना! म्हणजे मग जे काही लिहायचं ते मोजून, मापून, ग्रॅममध्ये आणि मिनिटांत. बस द्वारकेच्या पुढे निघाली आणि त्याला एकदम, अगदी आतून कोणीतरी कोपराने ढोसावं तसं, आदल्या दिवशीची ती संध्याकाळ आठवली. सर यायच्या आदल्या संध्याकाळी आईने झुडपांपुढे जाऊन काहीतरी केलं होतं. हातात निरगुडीचीच ओली काठी होती. मुळाशी नागलीचे चार दाणे टाकले, वाकून काहीतरी पुटपुटली आणि झुडपाला खालून वरपर्यंत काठीने मारलं. एकेक करत सगळ्या झुडपांना. तो वही घेऊन शेजारीच उभा होता. “फील्डवर दिसेल ते सगळं लिहायचं,” सबनीस सरांनी बजावलेलं होतं, “काय महत्त्वाचं ते आपल्याला आज कळत नसतं.” त्याने लिहिलंही होतं: काठीने मारले, दाणे वाहिले, झाडाशी बोलली. आणि पक्की प्रत करताना ती ओळ त्याने गाळून टाकली होती. कोणी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यानेच गाळलं होतं.

नाशिक रोडला उतरला तो पळत सुटल्यासारखा घरी आला. आई बाल्कनीत होती, गुडघ्यांना मेडिकलमधली ट्यूब चोळत होती. दोन्ही गुडघे सुजून चकचकीत झालेले. सुजेवर पीएच.डी. केलेल्या माणसाच्या घरात त्याची आई गेली सहा वर्षं, बाप वारल्यापासून, अस्थिरोगवाल्याच्या गोळ्यांवर होती, आणि तिच्या गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधावा असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. तिनेही कधी मागितला नव्हता. बायको मोहिनी शिकवणीला गेलेली, घरात दुसरं कोणी नव्हतं. तो तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसला. “आई, मला तेव्हा पाला द्यायचीस ना, शिकत होतो तेव्हा. आदल्या सांजेला झाडाला काठीने का मारायचीस?” ती हसली. “आता बरं आठवलं तुला! मारत नव्हते रे, उठवत होते. मारायचं, पण राग करून नाय. झाड निजलेलं आसलं तर पाला निसता चारा. त्याला आदल्या सांजेला सांगून ठेवायचं, उद्या येते म्हणून, उठवून ठेवायचं. मग रातभर ते तयारी करतं. सकाळच्याला तोडला का पाला, तो लागतो.” “आणि सगळ्याच झाडांना उठवायचीस?” “मग! तू म्हणाला तीस किलो पायजे. रोज सांजच्याला धा-बारा झुडपं व्हायची. हात भरून यायचे. पण तुझं शिक्षण व्हतं.”

आता इथे खरं सांगायला हवं. हिरामणला त्या क्षणी पश्चात्ताप झाला नाही. त्याला आनंद झाला, निव्वळ, आडदांड आनंद, असा की उठून बाल्कनीच्या कठड्याला त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरलं. रातभर ते तयारी करतं! अहो, पाल्याला इजा झाली की झाड स्वतःच्या बचावासाठी काहीतरी बनवतं, हे तर पुस्तकात असतं, आणि तो स्वतः दरवर्षी मुलांना शिकवतो. ते अकराव्या मिनिटाचं द्रव्य शांत झुडपात नसणारच! ते रात्रीतून तयार होत असणार, मार खाल्लेल्या झुडपात, आणि पहाटे तोडणाऱ्याच्या ओटीत येत असणार. स्नेहलच्या हातात काहीच खोट नव्हती. खोट त्या गाळलेल्या ओळीत होती. एवढ्यावर त्याचा विचार आला आणि मग मात्र आनंद ओसरला आणि त्याला भीती वाटली. आई अजून गुडघा चोळत होती. “काय रे,” ती म्हणाली, “चुकलं का काय माझं तवा?” “नाही,” तो म्हणाला, “तुझं काही चुकलं नाही.”

दुसऱ्या दिवशी साडेपाचला, शिपाई निघून गेल्यावर, कॉलेजच्या औषधी बागेत त्याने एका निरगुडीला काठीने मारलं. पंचेचाळीस वर्षांचा विभागप्रमुख, पायात बूट, गळ्यात ओळखपत्र, आणि झुडपाला छडी मारतोय. कोणी बघतंय का म्हणून दर दोन फटक्यांनी मागे वळत होता. शेजारच्या झुडपाला हात लावला नाही. पहाटे येऊन दोन्हीचा पाला वेगवेगळा तोडला, आठ दिवस सावलीत वाळवला, आणि स्नेहल विंचूरला गेलेली असताना स्वतःच्या हाताने दोन्ही अर्क यंत्राला लावले. शांत झुडपाची रेघ सपाट गेली. मार खाल्लेल्याची अकराव्या मिनिटाला उठली. चौदा वर्षांपूर्वीची तीच. त्याने खुर्ची मागे सरकवली आणि बराच वेळ नुसता तिच्याकडे बघत राहिला. आता स्नेहलला सांगायचं, इतकंच उरलं होतं. पण काय सांगायचं? रात्रंदिवस तेच डोक्यात. तिला उपाय तर द्यायलाच हवा होता, त्यात वादच नव्हता. पण उपाय देताना तो कुठून आला ते सांगितलं, तर चौदा वर्षांपूर्वीचा प्रबंध अर्धवट होता हे सांगावं लागणार, छापलेल्या लेखाला दुरुस्ती जोडावी लागणार, आणि का गाळलं होतंत, असं कोणीतरी विचारणार. पोरीचं काम झालं म्हणजे झालं की! कसं झालं याच्याशी तिला काय करायचंय? हा विचार इतका सोयीचा होता की त्याने तो आठवडाभर सांभाळला, आणि सोमवारी ती आल्यावर म्हणाला, “स्नेहल, मी एक जुना पेपर वाचला. झाडाला आदल्या दिवशी इजा केली तर काही द्रव्यं वाढतात. करून बघ.”

तिने केलं. पंधरा दिवसांनी ती कागद घेऊन धावत वर आली आणि दार न वाजवता आत शिरली. “सर, अकरावं मिनिट!” मग रडली, मग हसली, मग पर्समधून पेढ्यांचा पुडा काढला, म्हणजे पोरीने आधी पेढे घेतले होते आणि मग जिना चढली होती. “कसं सुचलं हो तुम्हाला, सर? मी तर किती पेपर वाचले, मला कुठेच सापडलं नाही. कोणता तो?” “जुना आहे,” हिरामण म्हणाला, “शोधून देतो.” हातातला पेढा त्याने पुन्हा पुड्यात ठेवला. तिच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. आणि खरी गंमत अशी की तिचं समाधान तेवढ्याने होणार नव्हतं. शास्त्र म्हणजे शास्त्र! बागेतल्या दोन झुडपांवर प्रबंध होत नाही. मूळ जागेवरचा पाला हवा होता, वीस किलो तरी, आणि ह्या वेळी ती स्वतः संध्याकाळी जाऊन झुडपांना मारणार होती, मोजून तीस फटके, वेळ लिहून. “शनिवारी जाऊ या, सर, वडपाड्याला.” त्याला नाही म्हणता येईना. घरी बोलता बोलता विषय निघाला आणि आई म्हणाली, “म्या बी येते. नागली झोडपायचे दिस हायेत. किती दिस झाले, गाव बघितलं नाय.” तिलाही नाही म्हणता येईना.

गाडीत स्नेहल आणि आई मागे बसल्या आणि पेठ रोडला लागेपर्यंत दोघींचं जमलंसुद्धा. स्नेहल तिला आजी म्हणाली, आई तिला तुझ्याकडं कांदा काय भाव म्हणाली, आणि हिरामण आरशातून त्यांच्याकडे बघत गाडी चालवत राहिला. तीन तास जिवात जीव नव्हता. आई काहीतरी बोलून जाईल, स्नेहल काहीतरी विचारेल, आणि सगळं बाहेर येईल. पण दोघी शेंगा खात होत्या. करंजाळीला चहा घेतला, तेव्हा आईने त्याच्याकडे बघून विचारलं, “डोकं दुखतंय का रे?” आणि त्याने मान हलवली. वडपाड्याला पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. घराला कुलूप होतं, अंगणात शेजारच्या सहादूने नागलीची कणसं पसरली होती. आईने मूठभर दाणे उचलून पदराला बांधले, चप्पल सरकवली आणि कोणाला न विचारता ओहोळाची वाट धरली. गुडघ्यांनी चालता येत नव्हतं तरी सगळ्यांच्या पुढे.

ऊन उतरलं, तेव्हा स्नेहलने वही उघडली, घड्याळ लावलं आणि पहिल्या झुडपाला लाकडी पट्टीने फटके मारायला लागली. एक, दोन, तीन. पाला तुटून खाली पडत होता. आई बांधावर बसली होती. सात-आठ फटक्यांपर्यंत तिने तग धरला, मग तिला राहवेना. “अगं, अशी नाय! धोपटतेस काय, ती काय गोधडी हाय का?” हाताचा टेका घेत ती उठली, चपला काढून बाजूला ठेवल्या, एक ओली काठी मोडून घेतली. पदराची गाठ सोडून चार दाणे मुळाशी टाकले. वाकली, झुडपाच्या अगदी आत तोंड नेऊन काहीतरी बोलली, आणि खालून वर, फांदी-फांदीला, अशी हलक्या हाताने काठी मारत गेली की एकही पान तुटलं नाही पण सगळं झुडूप हललं आणि तो कडू-उग्र वास हवेत पसरला. स्नेहल पट्टी हातात धरून बघत राहिली. हुशार पोरगी. तिच्या कपाळावर आठी कशी पडत गेली ते हिरामणने पाहिलं.

“आजी, हे तुम्हाला कसं येतं?” “आमच्याकडं समद्यांना येतं, पोरी.” “नाही, पण…” ती हिरामणकडे वळली, मग पुन्हा आईकडे. “सरांच्या प्रबंधात एक बाई आहेत. ह्याच झुडपांचा पाला त्यांनी तोडला होता. सर म्हणाले की त्या आता आहेत की नाहीत ते माहीत नाही. त्या बाई… आजी, त्या तुम्हीच का?” आईने काठी खाली केली. तिने हिरामणकडे पाहिलं, फार नाही, डोळा लवावा इतकंच, आणि तेवढ्यात तिला सगळं कळलं असणार, आयांना कळतं. “नाय गं,” ती म्हणाली, अगदी सहज, भाजीवालीला नको म्हणावं तसं. “ती येगळी बाई. गेली ती. लय दिस झाले.” आणि पुढच्या झुडपाकडे वळली.

ती गेली! स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या ओहोळाकाठी उभी राहून, तिने स्वतःला मारून टाकलं होतं, का, तर पोराचं खोटं उघडं पडू नये. चौदा वर्षांपूर्वी तिने त्याला साहेब म्हटलं होतं, तेव्हाही तेच केलं होतं. हे तेव्हा त्याला कळलं नव्हतं. तो समजत होता की ती रुसून बोलली, टोमणा मारला. रुसली कसली! तिने त्याला सांभाळून घेतलं होतं. हिरामण दोन पावलं पुढे आला. “स्नेहल,” तो म्हणाला, “ती बाई गेलेली नाही. हीच ती. माझ्या प्रबंधातला सगळा पाला माझ्या आईने तोडला, आणि तोडायच्या आदल्या संध्याकाळी तिने दर झाडाला असंच उठवलं. मी समोर उभा होतो. वहीत लिहिलं होतं. मग गाळलं. कुठलाही पेपर मी वाचला नव्हता. मला लाज वाटायची, तिची.” शेवटचा शब्द त्याने आईकडे बघत उच्चारला, कारण तो तरी तोंडावर सांगायला हवा होता.

स्नेहलने पट्टी खाली ठेवली. मग म्हणाली, “तीन वर्षं, सर.” आवाज चढला नव्हता, तेच ऐकवत नव्हतं. “मी मामेबहिणीच्या लग्नाला गेले नाही. माझ्या आईने माझ्यासाठी सोमवार धरलेत. रोज हात धुताना मी हातांकडे बघायचे आणि वाटायचं, ह्या हातांना येतच नाही काही. आणि तुम्हाला माहीत होतं?” “तुझ्या प्रश्नापर्यंत माहीत नव्हतं,” हिरामण म्हणाला. “विसरलो होतो. पण विसरलो होतो ते मुद्दाम. आणि महिन्यापूर्वी कळलं, तेव्हाही तुला खोटंच सांगितलं.” तिने वही झुडपापाशी टाकली आणि ओहोळाच्या पाण्याकडे जाऊन पाठमोरी उभी राहिली. आई चिडली, पण त्याच्यावर. “कशाला सांगितलंस? पोरीला रडवलंस ना! म्या म्हटलं होतं गेली, तर गेली, कोणाचं काय बिघडत होतं?” “बिघडत होतं, आई,” तो म्हणाला. आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला, मग तो काढून घेतला, कारण उजेड उतरत होता आणि झुडपं अजून पुष्कळ बाकी होती. ती पुढच्याला लागली. काठीचा आवाज तेवढा येत राहिला.

किती वेळ गेला कोण जाणे. स्नेहल आली ती हिरामणकडे न बघता सरळ आईपाशी गेली. वही उचलून झाडली, नवं पान काढलं, आणि ओल्या गवतात बसकण मारली. “आजी, पूर्ण नाव सांगा.” “रंगूबाई पुंजा गावित.” “आता पहिल्यापासून सांगा. हळूहळू, मला सगळं लिहायचंय.” आईने सांगितलं. चपला काढायच्या. दाणे टाकायचे, नागलीचेच, तांदळाचे नाय. काठी त्याच झाडाची, ओली. खालून वर मारायचं. “आणि बोलायचं काय असतं?” “कोणासाठी नेतो ते. ज्याचं दुखतंय, सुजलंय, त्याचं नाव झाडाला सांगाया लागतं. न सांगता नेलं तर ती चोरी.” स्नेहलची लेखणी चालत होती. मग थांबली. “पण आजी, सरांच्या वेळी? तेव्हा तर कोणाचंच दुखत नव्हतं. तीस किलो पाला होता. तेव्हा काय सांगायचात?”

आई काठी टेकून उभी राहिली. हाताला चिकटलेला पाला तिने लुगड्याला पुसला. हिरामण चार हातांवर उभा होता, त्याला सगळं ऐकू येत होतं. “तवा,” ती म्हणाली, “तवा सांगायची, हिरामण नाव हाय, माझा लेक हाय, त्याला पायजे. खोटं कसं सांगणार झाडाला? रोज सांगायची. दर झाडाला.”

स्नेहलने ते जसंच्या तसं लिहून घेतलं, आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून खात्री करून घेतली, फील्डवर तसंच करायचं असतं. “हिरामण नाव हाय, माझा लेक हाय, त्याला पायजे. बरोबर आहे ना, आजी?” “बरोबर हाय,” आई म्हणाली. मग स्नेहल उठली, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे बघत तिने वही पुढे केली. फील्डवरच्या नोंदीखाली तिथल्या तिथे गाइडची सही लागते. हिरामणने वही गुडघ्यावर ठेवली, ती ओळ पुन्हा एकदा वाचली, आणि तिच्याखाली सही केली.